पावातले तेल आणि ‘शनिवार तेली’

घरी पाव भाजण्याची आवड आपल्या समाजात वाढत आहे, ही आनंदाची गोष्ट होय. शुक्रवारी दुपारी दिमोना, अश्दोद, लोद, रामला, बेरशेवा येथील आपल्या कितीतरी घरांतून ताज्या पावाचा वास दरवळतो. मात्र चार भगिनी एकत्र जमल्या की एक प्रश्न हमखास निघतो : पिठात लोणी घालावे, मार्गारीन घालावे की तेल? मुली-सुना छापील पाककृती पुढे करतात, तीत लोणी सांगितलेले असते. सासूबाई म्हणतात, तेलच बरे. एखादी शेजारीण मार्गारीनची बाजू घेते. प्रश्न स्वयंपाकघरातला दिसतो खरा, पण त्याच्यामागे फार मोठा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या बेने इस्राएल समाजाचे एक जुने नावही गुंतलेले आहे. ते नाव हल्ली आपल्या काही घरांत उच्चारले जात नाही. म्हणूनच आज आम्ही हा विषय वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पिठात स्निग्ध पदार्थ घालायचा तरी कशासाठी, ते पाहू. आपल्या मराठीत याला एक सुरेख शब्द आहे – मोहन. करंजीला, शंकरपाळ्याला कडकडीत मोहन घालावे, हे आपल्या आया-आज्यांनी आपल्याला शिकविले. मोहन कमी पडले की करंजी कडक होते आणि जास्त झाले की तळताना फुटते. पावाच्या पिठातही तेच काम चालते. गव्हाच्या पिठात पाणी घालून मळले की त्यातील प्रथिनांचे चिवट धागे तयार होतात. त्यांना ग्लुटेन म्हणतात. तेल-तूप या धाग्यांवर पातळ थर धरते, त्यामुळे ते एकमेकांना फार घट्ट चिकटत नाहीत आणि पाव मऊ होतो. दुसरे असे की, भाजलेला पाव शिळा होताना त्यातील पिष्ट कडक होत जाते. स्निग्धांशामुळे ही क्रिया मंदावते. शुक्रवारी भाजलेला पाव शनिवारी दुपारीही खाता यावा अशी ज्यांची गरज, त्यांना हा गुण किती मोलाचा, हे सांगावयास नको.

तांदळाच्या भाकरीला मोहन लागत नाही, याचे कारणही यातच आहे. तांदळात ग्लुटेनच नाही. तेथे तेल घातले तर भाकरी मऊ होण्याऐवजी मोडते. म्हणून कोकणात आपण उकळत्या पाण्याने पिठाची उकड काढली आणि भाकरी बिनतेलाची राहिली.

आता पावात तेल की लोणी, हा वाद किती जुना आहे ते पाहा. वायिक्राच्या दुसऱ्या अध्यायात मिन्हा म्हणजे अन्नार्पणाचे वर्णन आहे. त्यात सपिठात तेल मिसळून केलेल्या बेखमीर पोळ्या आणि वरून तेल लावलेल्या पातळ चपात्या असे दोन प्रकार स्पष्ट सांगितले आहेत. तेल पिठात आणि तेल पिठावर, हा भेद तेव्हाही होता. हे तेल अर्थातच जैतुनाचे. या देशाच्या डोंगरांत जैतुनाची झाडे भरपूर, आणि उन्हाळ्यात लोणी टिकत नसे. तेल मात्र मातीच्या बुधल्यात महिनेच्या महिने राही.

एलियाहू हन्नाबीची गोष्ट तर आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. मलाखीमच्या पहिल्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात दुष्काळाच्या दिवसांत हन्नाबी सारफत गावच्या एका विधवेकडे भाकर मागतात. तिच्या घरात मडक्यात मूठभर पीठ आणि बुधल्यात थोडेसे तेल, एवढेच उरलेले असते. ती आधी त्यांच्यासाठी भाकर करते, आणि दुष्काळ संपेपर्यंत ना पीठ सरते, ना तेल. आपण मलिद्याचे ताट मांडून ज्या हन्नाबीचे स्मरण करतो, त्यांना त्या गरीब बाईने दिलेली भाकर ही पीठ आणि तेल यांचीच होती. गरिबाच्या घरात शेवटपर्यंत उरणाऱ्या दोन वस्तू याच, असे ही गोष्ट सांगते.

पुढे तालमुदाच्या काळात हा प्रश्न धर्मनियमाचा झाला. पेसाहीम या भागात सांगितले आहे की, पाव भाजण्याची भट्टी मेंढ्याच्या शेपटीच्या चरबीने माखू नये आणि पाव दुधात मळू नये. तसे केले तर तो सर्वच पाव निषिद्ध ठरतो. यामागचे कारण व्यवहारी आहे. पाव ही प्रत्येक जेवणातली वस्तू. ताटात मांस असो वा दही, पाव असणारच. दुधात मळलेला पाव कोणी नकळत मांसाबरोबर खाल्ला, किंवा चरबी लागलेला पाव दुधाबरोबर खाल्ला, तर तोराची आज्ञा मोडेल. म्हणून पाव दोन्हींपासून वेगळा, म्हणजे आज ज्याला ‘पारवे’ म्हणतात तसा, ठेवावा. लोणी हे दुधाचेच असल्याने तेही यात आले. व्हेनिस येथे १५६५ साली छापलेल्या शुल्हान आरुखमध्ये हाच नियम दिला असून दोन सवलतीही सांगितल्या आहेत : एका वेळी खाऊन संपेल इतकाच थोडा पाव असेल, किंवा त्याचा आकार असा निराळा असेल की पाहताच लोकांच्या लक्षात यावे, तर दूध चालेल. शावुओतला काही घरांत लोण्या-दुधाचे निराळ्या आकाराचे पाव होतात, त्यास आधार याच सवलतींचा आहे.

मांस आणि दूध वेगळे, आणि डुकराची चरबी तर वर्ज्यच. मग ज्या देशात जैतून नाही तेथील यहुद्यांनी काय करावे? पूर्व आणि मध्य युरोपातील यहुद्यांनी हंस पाळले, त्यांना खाऊ घालून पुष्ट केले आणि त्यांची चरबी कढवून मांसाहारी स्वयंपाकाला वापरली. येमेनच्या यहुद्यांनी शब्बाथच्या न्याहरीसाठी ‘कुबाने’ नावाचा पाव काढला. तो झाकण लावलेल्या भांड्यात रात्रभर मंद आचेवर भाजतात. त्याच्या थरांत कढविलेले लोणी, म्हणजे आपले तूपच, घालण्याची रीत आहे. ते तेथे चालते, कारण सकाळच्या त्या खाण्यात मांस नसते आणि तो पाव दिसायलाही वेगळा असतो.

आणि कोकणात आपल्या पूर्वजांनी काय केले? त्यांनी तेलाचाच धंदा धरला. नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून सात जोडपी वाचली, ही परंपरागत कथा वाचकांस ठाऊक आहे. त्यानंतर अलिबाग, पेण, रोहे, पनवेल या भागांतील गावोगावी आपले लोक पसरले आणि घाणा चालवू लागले. बैल घाण्याभोवती फिरत, तीळ आणि खोबरे पिळून तेल निघे, उरलेली पेंड गुरांना जाई. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा थांबे आणि शनिवारी दिवसभर बंद राही. यावरून गावकऱ्यांनी नाव ठेवले – शनिवार तेली. सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते सोमवार तेली, तसेच हे. मुंबई सरकारने १८८३ साली प्रसिद्ध केलेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये आपल्या समाजाची ओळख याच नावाने दिली आहे. हाईम शमुएल केहीमकर यांनी १८९७ साली लिहिलेला आपल्या समाजाचा इतिहास तेल अवीव येथे १९३७ साली छापून निघाला. त्यातही या धंद्याची हकीकत आहे.

या नावाचा काहींना संकोच वाटतो, हे आम्ही जाणतो. गावात तेल्याचा मान कमी होता. पुढे आपले लोक मुंबईस आले, पलटणीत, कचेऱ्यांत, रेल्वेत, इस्पितळांत नोकरीस लागले, गिरणीचे तेल आले आणि घाणे बंद पडले. शिकलेल्या पिढीला घाण्याची आठवण नकोशी झाली. इकडे आल्यावर तर मुलांना त्याविषयी कोणी सांगितलेच नाही. पण या नावात पहिला शब्द ‘शनिवार’ आहे, याचा विचार करावा. ग्रंथ हाताशी नव्हते, शिकवायला रब्बी नव्हते, अशा काळात ज्यांनी शेकडो वर्षे शब्बाथ पाळला, त्यांची साक्ष परक्या शेजाऱ्यांनी या दोन शब्दांत देऊन ठेवली आहे. याहून चांगले प्रशस्तिपत्र कोणत्या समाजाजवळ आहे?

स्वयंपाकातही आपल्या बायकांनी दुधाची अडचण नारळाने सोडविली. मटणाच्या रश्शाला दाटपणा आणायचा तर नारळाचा रस. रोश हशानाला चिकाचा हलवा करायचा तर तोही नारळाच्या रसात. मांसाच्या जेवणानंतर तो निर्धास्त खाता येतो. मलिद्यात पोहे, साखर आणि ओले खोबरे. ‘पारवे’ हा शब्द आपण इस्रायलमध्ये आल्यावर शिकलो. ती वस्तू मात्र आपल्या चुलीवर कितीतरी आधीपासून शिजत होती.

मुंबईत आपल्याला पाव भेटला. गव्हाचा खमिराचा पाव पोर्तुगीजांनी गोव्यात आणला आणि तो शब्दही त्यांच्याच भाषेतला. गोव्याच्या पोदेरांनी पीठ फुगविण्यासाठी ताडी वापरली. पुढे मुंबईत गोवेकर आणि इराणी लोकांच्या भट्ट्या निघाल्या. रोजचा पाव आणि ब्रून हे बहुतेक पीठ, पाणी, मीठ आणि खमीर यांवरच चालत. लोणी लागायचे ते वरून. इराण्याच्या दुकानातला मस्का-पाव ज्याने खाल्ला आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगायला नको. पोल्सनचे आणि नंतर अमूलचे लोणी त्या मऊ पावाच्या पोटात मावेनासे होई. लोणी पावावर लावले की खाणाऱ्याला ते दिसते आणि मांसाच्या जेवणात तो ते टाळू शकतो. पिठात मळलेले लोणी दिसत नाही. तालमुदाचा आक्षेप नेमका या न दिसणाऱ्या लोण्याला आहे.

लोण्याला पर्याय म्हणून जे मार्गारीन आले, त्याची कथा मोठी गमतीची आहे. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने सैन्यासाठी आणि गरिबांसाठी स्वस्त लोणी शोधून काढणाऱ्यास बक्षीस लावले आणि १८६९ साली इपोलित मेज-मूरिये या रसायनशास्त्रज्ञाने ते शोधले. पण ते गाईच्या चरबीत दूध घुसळून केलेले! म्हणजे मांस आणि दूध एकाच डब्यात. यहुदी घराला ते दारातही नको. पुढे जर्मनीत विल्हेल्म नॉर्मान याने पातळ तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करण्याची कृती काढली आणि १९०२ साली तिचे पेटंट घेतले. आता नुसत्या वनस्पती तेलापासून लोण्यासारखा घट्ट पदार्थ मिळू लागला. अमेरिकेत १९११ साली ‘क्रिस्को’ निघाले आणि यहुदी गृहिणींसाठी त्याच्या पाककृतींचे यिद्दिश-इंग्रजी पुस्तक १९३३ साली निघाले. आपल्याकडे १९३७ साली ‘डालडा’ आला. त्याचा पिवळा डबा आणि त्यावरचे ताडाचे झाड आठवत नाही असे मुंबईकर घर विरळा. रिकामा डबा तांदूळ भरायला, नाहीतर तुळशी-मोगरा लावायला. साजूक तूप महाग, आणि मांसाच्या जेवणाला ते चालतही नाही. डालडा दोन्ही अडचणी दूर करी.

इस्रायलमध्येही तेच झाले. एप्रिल १९४९ मध्ये दोव योसेफ या मंत्र्यांच्या देखरेखीखाली ‘त्सेना’, म्हणजे काटकसरीचे रेशनिंग सुरू झाले आणि ते टप्प्याटप्प्याने कमी होत १९५९ साली संपले. आपली पहिली कुटुंबे याच काळात येथे आली. तेल, साखर, अंडी, मार्गारीन सारे कुपनांवर. रोजचा पाव सरकारी भावाचा, काळसर आणि बिनस्निग्धांशाचा. त्या वर्षांत बेरशेवात पावाच्या रंगावरून आपल्या लोकांना काय ऐकावे लागले, हे प्रकरण वेगळे आहे. जुन्या वाचकांस त्याची आठवण करून द्यावयास नको. शब्बाथसाठी मात्र हल्ला हवा. (मराठी माणसाने हा शब्द ऐकून घाबरू नये. हा वेणीच्या आकाराचा पाव आहे.) हल्ल्यात अंडे, थोडी साखर आणि तेल. लोण्याची टंचाई असल्याने मार्गारीन घरोघर रुळले आणि टंचाई गेल्यावरही ते राहिलेच, कारण ते पारवे मिळे.

आता थोडे आमच्या व्यवसायाविषयी. आम्ही परिचारिका म्हणून रुग्णालयात काम करू लागलो त्या काळी हृदयरोग्याला सांगितले जाई : लोणी बंद, त्याऐवजी मार्गारीन. जगभरच्या इस्पितळांतून हाच सल्ला मिळे. लोण्यातील संपृक्त स्निग्धांशाने रक्तातील कोलेस्टेरॉल वाढते, हे खरे होते आणि आजही खरे आहे. पण तेल अर्धवट घट्ट करताना त्यात ट्रान्स फॅट नावाचा निराळा पदार्थ तयार होतो, त्याकडे फारसे कोणाचे लक्ष नव्हते. १९९० साली हॉलंडमधील मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी दाखवून दिले की, ट्रान्स फॅटमुळे रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले कमी होते, म्हणजे दुहेरी नुकसान. डेन्मार्कने २००३ साली त्यावर कायद्याने मर्यादा घातली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली सर्व देशांना हा पदार्थ अन्नातून काढून टाकण्याचे आवाहन केले. भारतात जानेवारी २०२२ पासून तेल-वनस्पतीत त्याची मर्यादा २ टक्के आहे. हिंदुस्थानी वंशाच्या लोकांत हृदयविकार आणि मधुमेह अधिक प्रमाणात आणि कमी वयात दिसतात, हे आम्ही वॉर्डात पाहिले आहे आणि संशोधनही तेच सांगते. म्हणून ही माहिती आपल्या समाजाला विशेष उपयोगी आहे.

हल्लीचे बहुतेक मार्गारीन पूर्वीसारखे राहिलेले नाही. त्यातील ट्रान्स फॅट पुष्कळ कमी झाले आहे, पण घट्टपणासाठी अनेकदा पाम तेल घालतात आणि त्यात संपृक्त स्निग्धांश बराच असतो. शिवाय काही प्रकारांत दुधाचा अंश असतो. तेव्हा वेष्टनावरचा मजकूर वाचल्याशिवाय ते पारवे समजू नये. खोबरेल तेल आपल्या आवडीचे खरे, पण त्यात ८० टक्क्यांहून अधिक भाग संपृक्त असतो. ते रोजच्या पावात न घालता सणासुदीला ठेवावे. सूर्यफूल, कॅनोला, जैतून आणि आपले जुने तिळाचे तेल, ही पावाला उत्तम. तिळाच्या आणि जैतुनाच्या तेलाला स्वतःचा वास असतो, तो घरातल्यांना आवडतो की नाही ते पाहून घ्यावे.

ज्या भगिनींना छापील पाककृतीतील लोण्याऐवजी तेल घालावयाचे आहे त्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. लोण्यात सुमारे ८० टक्के स्निग्धांश असतो, बाकी बहुतेक पाणी. तेल मात्र शंभर टक्के स्निग्ध. म्हणून १०० ग्रॅम लोण्याऐवजी ८० ग्रॅम तेल घ्यावे आणि एक मोठा चमचा पाणी वाढवावे. एक किलो मैद्याला साध्या पावासाठी ३० ते ४० ग्रॅम तेल पुरते, हल्ल्यासाठी ८० ते १०० ग्रॅम. फ्रेंच लोकांच्या ब्रिओश पावात किलोला ४०० ते ५०० ग्रॅम लोणी जाते. तो पाव चविष्ट असतो, पण त्यास मिठाई समजूनच खावे. तेल प्रथमच ओतू नये. पीठ, पाणी, खमीर एकत्र करून पाच-दहा मिनिटे ठेवावे, थोडे मळावे आणि मग तेल हळूहळू मुरवावे. आधीच तेल पडले तर ग्लुटेनचे धागे नीट जुळत नाहीत. तेल, साखर, अंडी जास्त असली की पीठ फुगायला वेळ लागतो. घाई करू नये. पोळीची कणीक तेलाचा हात लावून मुरत ठेवतो, तसाच धीर येथेही धरावा.

लोण्याशी आमचे वैर नाही, हे मुद्दाम सांगतो. ज्या दिवशी मांस नाही त्या दिवशी ताज्या पावाच्या कापावर लोणी लावून खावे. हृदयाची तक्रार असेल त्यांनी डॉक्टरांना विचारून प्रमाण ठरवावे. इस्रायलमध्ये २०१९ साली लोण्याची टंचाई झाली, दुकानांतील फळ्या रिकाम्या पडल्या आणि वर्तमानपत्रांत त्याचा गवगवा झाला. ज्या घरांत पाव तेलात मळला जातो त्यांना त्या दिवसांत काही अडले नाही.

तर सुना-मुलींच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : शब्बाथच्या पावात तेल घालावे. धर्मनियम तेच सांगतो, आजचे वैद्यकही बव्हंशी तेच सांगते, आणि आपल्या पूर्वजांचा धंदाही तोच होता. पुढच्या शुक्रवारी पिठात तेल मुरविताना नातवंडे जवळ असतील, तर त्यांना विचारावे, शनिवार तेली कोण होते ते ठाऊक आहे का? हिब्रूत सांगा, मराठीत सांगा, पण सांगा. कुलाब्याच्या गावांत घाणा कसा फिरत असे आणि शुक्रवारी संध्याकाळी तो कोणासाठी थांबत असे, हे त्यांना आपल्याशिवाय दुसरे कोणी सांगणार नाही.